देव्हाऱ्यातला डबा

माणूस माणसाला भेटला की रामराम करतो, खुशाली विचारतो. आमचे उत्तरेश्वरभाऊ म्हणतात, "आ करा." लग्नाच्या पंगतीत शेजारच्यानं जिलेबी तोंडात टाकली की ती गिळेपर्यंत हे त्याच्या तोंडाकडं बघत बसतात. गिळून झाली की म्हणतात, "जीभ उचला बरं." एकदा नवरदेवाच्या मामाला म्हणाले. मामा चांगले मिशाळ, गावचे माजी सरपंच. मला वाटलं, आता पत्रावळी उडणार. मामांनी मुकाट जीभ उचलून दाखवली आणि मग बराच वेळ आपण असं का केलं म्हणून स्वतःवरच चिडून बसले.

मी मंगल. शिरूर कासारच्या बाजूला एका सरकारी दवाखान्यात लॅबमध्ये आहे. लोकांचा बेडका नळीत घ्यायचा, मशीनमध्ये घालायचा आणि टीबी आहे का, असला तर नेहमीच्या गोळ्यांना दाद देणारा आहे का, ते सांगायचं. हे माझं काम. भाऊ टीबीचे सुपरवायझर. सोळा वर्षं कंत्राटी. दर एकतीस मार्चला यांची नोकरी संपते आणि दोन एप्रिलला परत चालू होते. एक एप्रिलला सरकारच्या लेखी हे कुणीच नसतात. पण त्या दिवशीही मोटारसायकलवर गोळ्या वाटत फिरतात. सोळा वर्षांत हजारभर माणसांचा बेडका यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवला, स्वतःचा एकदा दिला नाही. "भाऊ, वर्षातनं एकदा तपासायचा नियम हाय," मी म्हणायची. "मला काय धाड भरलीय?" असं म्हणायचे आणि किक मारायचे. मला लई राग यायचा. अजून येतो.

तर छबुबाई. ही भाऊंची पेशंट, वय चाळिशीच्या आत-बाहेर. नवरा सुंदरराव. दोघं दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जाणार. चार वर्षांमागं तिला पहिल्यांदा टीबी झाला. सहा महिन्यांच्या गोळ्या होत्या. तीन महिन्यांत जरा बरं वाटलं, बाई गोळ्या सोडून फडात. रोग अर्धवट मार खाल्लेला, तो शहाणा झाला. दुसऱ्या वेळी माझ्या मशीननं सांगितलं, आता नेहमीच्या गोळ्या हिला चिंचोके खाल्ल्यासारख्या. मग अंबाजोगाईला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी नवी औषधं चालू केली. रोज मूठभर, सहा महिने, एक दिवस चुकवायचा नाही. डॉक्टर तिला सरळ म्हणाले, "मावशी, हा कोर्स मोडला तर पुढं द्यायला माझ्याकडं फार काही उरत नाही." छबुबाईनं मान हलवली. भाऊंनी तेच वाक्य तिला परतीच्या एसटीत तीनदा ऐकवलं. तिसऱ्या वेळी कंडक्टरही मान हलवायला लागला.

औषधाबरोबर एक डबा मिळाला. पांढरा, प्लास्टिकचा, चपलेच्या खोक्याएवढा. गोळ्या त्याच्यात ठेवायच्या. सकाळी आठला डबा पी-पी करून वाजतो. झाकण उघडलं की गप्प बसतो, आणि उघडल्याची खबर आपोआप पोर्टलवर जाते. पोर्टल म्हणजे सरकारचं कॉम्प्युटरवरचं हजेरीबुक. डबा उघडला तर त्या दिवसाला हिरवा ठिपका, नाही उघडला तर लाल. गोळी कुणाच्या पोटात गेली ते डब्याला कळत नाही. त्यासाठी भाऊ आहेत.

श्रावणात औषध चालू झालं. दोन महिने भाऊ दर आठवड्याला वस्तीवर जाऊन आ करायला लावायचे. दसऱ्याच्या तोंडावर छबुबाईनं त्यांच्यासमोर शपथ घेतली, "अवंदा मी न्हाई जात तोडीला. सुंदररावाला म्हनलं, दुसरी जोडीदारीण बघ." भाऊ खूश. नेमकं त्याच वेळी त्यांना दुसऱ्या कुठल्या तरी सर्व्हेवर लावलं. एक माणूस, कामं सतरा. तीन आठवडे ते वस्तीकडं फिरकले नाहीत. पण पोर्टल रोज बघायचे. हिरवं, हिरवं, हिरवं. एक दिवस खाडा नाही.

इतकं हिरवं की ते वरच्या ऑफिसात दिसलं. तिथून पत्र आलं : आदर्श रुग्ण म्हणून श्रीमती छबुबाई यांचा घरी जाऊन सत्कार करावा, फोटो पाठवावा. सोबत प्रमाणपत्र. शाल आणि नारळ आपल्या स्तरावर. आपल्या स्तरावर म्हणजे भाऊंनी घ्यायचं. फोटो काढायला मला बरोबर घेतलं.

सकाळी आठच्या ठोक्याला डबा उघडतानाचा फोटो यावा म्हणून आम्ही पावणेआठला वस्तीवर. घरात छबुबाईची सासू, भिवराबाई, एकटीच. अंघोळ करून, लुगडं चापून-चोपून नेसून देव्हाऱ्यासमोर बसलेली. आणि देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी तो पांढरा डबा. डब्याला हळदी-कुंकू, वर झेंडूचं फूल. भाऊंनी काही विचारायच्या आत आठ वाजले. डबा पी-पी करायला लागला. म्हातारीनं हात जोडले, झाकण उघडलं, आत चिमूटभर कुंकू टाकलं, झाकण लावलं, पुन्हा हात जोडले. मग आमच्याकडं वळून म्हणाली, "बसा. च्या ठिवते."

भाऊंच्या हातातला नारळ तसाच. "छबुबाई कुठंय?"

"फडात. तीन आठवडं होत आले. मुकादमाची गाडी आलती."

"अन् डबा?"

"सरकारी वस्तू हाय लेकरा. फडात हरवली-फुटली तर भरून कोन दील? गोळ्या नेल्यात की तिनं फडक्यात बांधून. मला म्हनली, आत्याबाई, ह्यो वाजंल तवा उघडायचा, एक दिस चुकवायचा न्हाई. म्या चुकवला न्हाई. एकादशीला बी न्हाई." म्हातारीच्या चेहऱ्यावर एवढा अभिमान होता की मला हसावं का रडावं कळेना. मी आपली मोबाइल हातात धरून उभी. फोटो कुणाचा काढू?

भाऊंनी मुकादमाला फोन लावला. मुकादम म्हणजे टोळी गोळा करून नेणारा माणूस. याचं नाव परमेश्वर. त्यानं छबुबाईला फोन दिला. तिकडून कोयत्याचे आवाज येत होते. ती म्हणाली, "गोळ्या सरल्या ना सायेब. आज अकरा दिस झाले." महिन्याच्या गोळ्या नेलेल्या, आठवडाभरात संपतातच कशा? हे विचारेपर्यंत फोन कट झाला.

भाऊंनी लगेच अंबाजोगाईच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सलग चौदा दिवस चुकले तर कोर्स मोडला. त्याच्या आत चालू झाला तर चुकलेले दिवस शेवटी वाढवून निभावता येईल. आज अकरावा. भाऊ ओट्यावर बसून बोटांवर दिवस मोजायला लागले. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. असं मी त्यांना त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

आता गंमत बघा. नियम असा की पेशंट दुसऱ्या जिल्ह्यात गेला तर त्याची बदली तिकडच्या केंद्रात करायची, मग ते गोळ्या देतात. बदलीला पत्ता लागतो. पोर्टलवर पत्त्याची चौकट. भाऊंनी परमेश्वराला पुन्हा फोन करून विचारून भरलं : सांगलीकडं, नदीच्या अलीकडं, पाटाच्या कडंचा ऊस, तिसरी कोपी, म्हणजे उसाच्या पाल्याची झोपडी. दुपारी तिकडच्या माणसाचा फोन आला. बिचारा भला माणूस, स्वतः मोटारसायकल घेऊन शोधायला गेलेला. म्हणाला, "साहेब, तुम्ही दिलेल्या पत्त्यावर आलोय, पण ऊसच नाही. सकाळीच तोडून कारखान्याला गेला म्हणतात." पत्ता गाळपाला गेला होता. टोळी पुढच्या फडात, तो कुठला ते तिथं कुणाला ठाऊक नाही. भाऊंनी परमेश्वराला विचारून दोनदा नवा पत्ता भरला. दुसऱ्या वेळी पोर्टलनं त्यांनाच लाल अक्षरात सांगितलं की रुग्णाचा पत्ता वारंवार बदलणं संशयास्पद आहे.

भाऊंनी कपाळाला हात लावला आणि रजेचा अर्ज लिहिला. मी पण लिहिला. बायामाणसांत बोलायला बाई लागते, आणि बेडक्याच्या नळ्या मी सोडून कुणाला नीट बांधता येत नाहीत. छबुबाईच्या पुढच्या महिन्याच्या गोळ्या कपाटात होत्या, त्या घेतल्या. डबा आणायला दुसऱ्या दिवशी सकाळी परत वस्तीवर गेलो, तर म्हातारीनं आठला तो उघडला, पण देईना. "देवाच्या जागेवरनं काय काढलं तर ती जागा रिकामी ठिवू नी," म्हणाली. शेवटी भाऊंनी सत्काराचा नारळ डब्याच्या जागी ठेवला. तेव्हा कुठं तिनं डबा सोडला, तोही ओवाळून.

दोन एसट्या, एक टमटम आणि शेवटी एक ट्रॅक्टर. माझ्या मांडीवर बेडक्याच्या नळ्यांचा थर्माकोलचा खोका. शेजारची बाई विचारते, "कुणाच्या लग्नाचे पेढे?" भाऊ खरं सांगायला निघालेले, मी त्यांना कोपर मारलं.

तेराव्या दिवशी दुपारी तीनला फड सापडला. छबुबाई मोळी डोक्यावर घेऊन गाडीकडं चाललेली. वाळून काटकी झालेली, गालाची हाडं वर आलेली. आम्हाला बघून थांबली. भाऊ धापा टाकत म्हणाले, "छबुबाई, आज तेरावा दिवस हाय!"

"मग काय, माजा तेरावा घालाय आलाव का?" ती म्हणाली आणि हसली, आणि हसता हसता तिला खोकला लागला तो थांबेना.

भाऊंनी बांधावर बसून पिशवी उघडली. गोळ्यांचं पाकीट बाहेर काढलं आणि मान वर करून बघतात तो काय, समोर रांग! अख्खी टोळी हात पुसत, तळवे पुढं करून उभी. सगळ्यांच्या पुढं परमेश्वर मुकादम. म्हणाला, "सायेब, मला ती पिवळी नको. पांढरी लांबोडी द्या. गुडघ्याला लई गुण आलता."

तेव्हा कळलं गोळ्या आठ दिवसांत कशा संपल्या. बारा जणांनी खाल्ल्या होत्या. कुणी कंबरेला, कुणी डोकं दुखतंय म्हणून, एकानं तर झोप येत नाही म्हणून. सुंदररावानं बायकोची गोळी उतरत नाही म्हणून तिच्याबरोबर सोबतीला खाल्ली. शेवटच्या हत्याराच्या गोळ्या होत्या त्या! अंबाजोगाईहून सही-शिक्क्यानं आलेल्या! भाऊंचा असा भडका उडाला की बैलांनी कान टवकारले. "ए बे परमेश्वऱ्या! जहर खायला दिलं असतं तरी रांगेत उभा राहिला असतास का?"

छबुबाई मध्ये पडली. "त्यांना कावून वरडताव? म्याच दिल्या. टोळीत भाकर वाटून खातो, कालवण वाटून खातो. एवढ्या म्हागाच्या गोळ्या मी एकटीच गिळत बसू? काय म्हनतील लोक?"

 भाऊ गुडघ्यात डोकं घालून रडले. चक्क रडले. टोळी हात खाली घालून बघत राहिली. परमेश्वरानं हळूच तळवा मागं घेतला.

मी त्या वेळात माझं काम केलं. बाराही जणांना ओळीनं उभं करून नळ्यांत खोकायला लावलं. जिथं गोळ्यांची रांग होती तिथंच.

पण छबुबाई गोळी घ्यायला तयार होईना. भीतीनं नाही, हट्टानंही नाही. तिचं कारण अगदी साधं होतं. "खाल्ली की दोन तास डोळ्याम्होरं अंधारी, उलट्या. वाकताच येत न्हाई. मग सुंदरराव एकला. अर्ध्या कोयत्याला टोळीत कोन ठिवतं, सायेब?"

हे ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक जण पडला की उरला तो अर्धा कोयता. टोळीत अर्ध्या कोयत्याला किंमत नाही, त्याला घरी पाठवतात. छबुबाई आजारी नव्हती, हो, ती अर्धी होती. तिला टीबीची भीती नव्हती, अर्धं होण्याची होती.

भाऊ उठले. शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि सुंदररावाकडं हात केला, "आण तो कोयता. दोन तास तिचा अर्धा मी."

मी म्हटलं, "भाऊ, डोकं फिरलं का तुमचं?" कारण मला एक गोष्ट ठाऊक होती. भाऊंचे आईवडीलही कोयताच होते. भाऊंना वडिलांनी सात वर्षांचं असताना वसतिगृहात टाकलं, आणि सांगितलं, कोयत्याला हात लावायचा न्हाई. चाळीस वर्षं त्यांनी लावला नव्हता. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. छबुबाईकडं बघून म्हणाले, "आता आ करा."

तिनं आ केला. मूठभर गोळ्या, तांब्याभर पाणी. "जीभ उचला." उचलली. तेरावा दिवस होता, चौदावा उजाडला नव्हता. मी डोळे मिटून खंडोबाचं नाव घेतलं, आणि माझ्या डोळ्यांपुढं म्हातारीच्या देव्हाऱ्यातला तो नारळच आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला फडात डबा वाजला. बैल बुजले. छबुबाईनं गोळ्या घेतल्या आणि पाचटावर, उसाच्या वाळल्या पाल्यावर, सत्काराची शाल अंथरून आडवी झाली. भाऊ वाकून ऊस तोडायला लागले. ती पडल्या पडल्या उलटीचे उमाळे आवरत त्यांना सांगत होती, "बुडाला लावा सायेब. बुडखा वर ठिवू नका. शेंड्याचं वाढं आधी तोडतंय का कुनी? साळंत काय शिकलाव?" भाऊ ती सांगेल तसा कोयता खाली-वर करत होते. इतकी वर्षं यांनी तिला बोललेलं ती एका सकाळीत फेडत होती.

साडेनऊला भाऊंचा मोबाइल वाजला. आढावा बैठक, व्हिडिओवर. रजेवर असला तरी जोडायचंच, असा निरोप. भाऊ कोयता बगलेत धरून, अंगाला पाचटाची कुसं, घामानं निथळत मोबाइलसमोर उभे राहिले. वरचे साहेब खूश होते. म्हणाले, "सगळ्यांनी यांच्याकडून शिका. शंभर टक्के हिरवं!"

भाऊ म्हणाले, "साहेब, ते हिरवं खोटं हाय. डबा सासू उघडत होती. पेशंट इथं हाय, माझ्या मागं, पाचटावर."

साहेब जरा पुढं वाकले. "आवाज तुटतोय. आणि ते मागं उसाचं काय लावलंय? बॅकग्राउंड काढा आधी ते. बैठकीचं गांभीर्य ठेवा."

"निघत न्हाई साहेब."

"सेटिंगमध्ये जा. डावीकडं."

भाऊंनी डावीकडं बघितलं. डावीकडं आणखी दोन एकर ऊस होता. तेवढ्यात छबुबाईला उलटी झाली, मी धावले, आणि मोबाइलची रेंज गेली.

पण टोळीनं ते सगळं बघितलं होतं. त्या दुपारी परमेश्वर मुकादम आमच्यापुढं येऊन उभा राहिला, मान खाली. "सायेब, सरकारी मानूस तोडतोय आन् आमी बघायलोत, हे काय बरं दिसत न्हाई. गोळ्या आमी खाल्ल्या. ज्यानं खाल्ली त्यानं तिचे दोन तास तोडायचे. पाळी लावू." बारा जणांची पाळी लागली, रोज एक. पहिली पाळी खुद्द परमेश्वराची. वीस वर्षांत त्यानं कोयता धरला नव्हता. वाकला तसा त्याचा गुडघा असा वाजला की छबुबाई शालीवरून म्हणाली, "मुकादम, पांढरी लांबोडी देऊ का?" अख्खा फड हसला. भाऊसुद्धा.

घरी आल्यावर भाऊंनी पहिलं काम काय केलं असेल? पोर्टल उघडून बारा हिरवे ठिपके एकेक करून लाल केले. मी म्हटलं, "राहू द्या ना भाऊ, आता चालू झाल्यात की गोळ्या." म्हणाले, "डॉक्टरला दिवस वाढवायचेत, त्याला खरं दिसाय नको का?" चार दिवसांत नोटीस आली : आदर्श रुग्णाच्या प्रगतीत अचानक घसरण कशी झाली, तीन दिवसांत खुलासा करावा. भाऊंनी एका ओळीत लिहिलं, "रुग्ण सुधारत आहे, फक्त नोंद बिघडली आहे." ते पत्र अजून कुणाच्या तरी टेबलावर आहे. प्रमाणपत्र दुसऱ्या एका तालुक्यात गेलं, जिथं सगळं हिरवं होतं.

बाराही नळ्या स्वच्छ निघाल्या. मी मशीनला हात जोडले.

पुढचे चार महिने भाऊ दर महिन्याला रजा टाकून जायचे. गोळ्या द्यायच्या, डबा चार्ज करून ठेवायचा, आ करायला लावायचं, कोपीत त्यांच्यातच राहायचं. हिवाळा, कोपीला एकच दार, आत सात-आठ माणसं. मास्क नेलेले तिथल्या पोरांना दिले. मी ओरडले की म्हणायचे, "मला काय धाड भरलीय?"

फाल्गुनात टोळी परतली. छबुबाईचा कोर्स पुरा झाला, वाढीव दिवसांसकट. मोठ्या लॅबचा रिपोर्ट आला, जंतू नाही. ती स्वतः दवाखान्यात आली, गाल भरलेले, हातात डबा. "घ्या तुमची सरकारी वस्तू. फुटली न्हाई," म्हणाली. भाऊ हसले, आणि हसता हसता त्यांना खोकला लागला. तो थांबेना. असले खोकले ओळखणं हेच माझ्या पोटाचं काम. 

मी बाहेर जाऊन त्यांच्या मोटारसायकलची किल्ली काढली. दोन दिवस दिली नाही. "किल्ली पायजे तर नळीत खोका." चिडले, हात जोडले, शेवटी खोकले. मशीन दीड-दोन तास घेतं. मी खुर्चीवरून उठले नाही. आलं ते मी वाचलं आणि पुन्हा दुसरी नळी लावली. तेच आलं. टीबी, आणि नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा. कुणाकडून लागला कोण जाणे. सोळा वर्षं हा माणूस खोकणाऱ्यांच्या उघड्या तोंडापुढं बसलेला. मी लॅबचं दार लावून घेतलं आणि मनसोक्त रडले, आणि त्यांना शिव्या दिल्या.

पोर्टलवर नोंद करताना एक चौकट येते : रुग्ण आरोग्य कर्मचारी आहे का? मी हो दाबलं. घेईना. तारीख बघितली, एक एप्रिल. त्या दिवशी भाऊ कुणीच नव्हते.

अंबाजोगाईला नेलं, तेच औषध, तसाच डबा. छबुबाईनं परत केलेलाच, आत कोपऱ्यात अजून कुंकू. दोन एप्रिलला नवा करार आला, तो सहीला ठेवला. डॉक्टरांनी घरी बसायला सांगितलं होतं. पोर्टलवर रोज हिरवं. नवव्या दिवशी साडेआठला मी दवाखान्यात येत होते, तर हे तोंडाला फडकं बांधून, पिशवी अडकवून मोटारसायकलवर ताठ! आठला ती मूठभर गोळ्या खाल्लेला माणूस साडेआठला ताठ बसूच शकत नाही. मी गाडी अडवली, सरळ शर्टाच्या खिशात हात घातला. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या नऊ दिवसांच्या गोळ्या.

"भाऊ!"

"दोन तास पडून राहिलो तर राऊंड कोन करील, मॅडम? एकोणीस पेशंट हायेत. बदली मानूस न्हाई. करार अजून सहीला हाय. मी अर्धा झालो तर कुनी ठिवंल का मला?" हे त्यांनी माझ्याकडं न बघता म्हटलं, रस्त्याकडं बघत. मला एकदम फड आठवला.  मी किल्ली काढून घेतली आणि छबुबाईच्या वस्तीवर निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी आठच्या आधी ती भाऊंच्या अंगणात. बरोबर सुंदरराव, मोटारसायकल घेऊन. मी घमेलं घेऊन आधीच बसलेले. डबा वाजला. भाऊंनी झाकण उघडलं, गोळ्या हातात घेतल्या, तोंडात टाकल्या, पाणी प्याले आणि आमच्याकडं बघून मान हलवली.

"आ करा," छबुबाई म्हणाली.

भाऊंनी आ केला.

"जीभ उचला."

भाऊ थांबले. मग हळूहळू जीभ उचलली. खाली दोन गोळ्या.

ती रागावली नाही. तांब्या पुढं केला. "गिळा सायेब. दहावा दिस हाय, चौदावा होऊ द्यायचा न्हाई." त्यांनी गिळल्या. तिनं पुन्हा जीभ उचलायला लावली, नीट वाकून बघितलं, डावीकडं, उजवीकडं. मग खुंटीवरची त्यांची पिशवी काढून खांद्याला अडकवली. आत एकोणीस जणांच्या गोळ्या होत्या, मी आदल्या दिवशीच नावानिशी बांधून ठेवलेल्या.

"पडा आता दोन तास," ती म्हणाली. "अर्धा कोयता मी हाय."

सुंदररावानं किक मारली, ती मागं बसली आणि दोघं रस्त्याला लागली. भाऊ भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. त्यांचे खांदे हलत होते, उलटीनं की कशानं ते मी विचारलं नाही. घमेलं त्यांच्या उशाशी सरकवलं आणि दहा वाजेपर्यंत तिथंच बसून राहिले.